कागदाची उलटतपासणी



विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींनी आपल्या लेखनासाठी साधने कशी मिळवावीत आणि ती कशी पारखावीत, ह्या विषयावर बोलण्यासाठी व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, ह्याचे नवल तुमच्याइतकेच मलाही वाटले. कॉलेजच्या फाटकापर्यंत मी गेलो तो सभेसाठी. वर्गात बसण्यासाठी कधी गेलो नाही. तसे मी चालकांना सांगितलेही. ते म्हणाले, "कामगार न्यायालयात तुम्ही पंचवीस वर्षे कागद घेऊन उभे राहता. समोरच्याचा कागद कसा तपासता आणि आपला कसा मांडता, तेवढेच सांगा." एवढे मला जमण्यासारखे वाटले, म्हणून आलो. विषय मोठा आहे. तो सगळा मांडण्याचा आव न आणता एका प्रबंधिकेची हकीकत सांगतो. त्यात जे निघेल ते निघेल.

गेल्या वर्षी एम. ए. च्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी आमच्या युनियनच्या कचेरीत आली. मुंबईच्या १९८२ च्या गिरणी संपावर तिला चाळीस पाने लिहायची होती. तिचे आजोबा गिरणी कामगार. पण घरात संपाचा विषय निघाला की म्हातारा उठून गॅलरीत जाई, एवढेच तिला ठाऊक. "काका, आजोबा काही सांगत नाहीत, म्हणून तुमच्याकडे आले," असे म्हणून तिने आतापर्यंत लिहिलेली बारा पाने माझ्यापुढे ठेवली.

पहिलेच वाक्य असे होते की, १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली पासष्ट गिरण्यांतील अडीच लाख कामगार संपावर गेले. मी विचारले, "हा पासष्टचा आकडा कुठला?" ती म्हणाली, "सगळीकडे हाच आहे." मी म्हटले, "सगळीकडे म्हणजे कुठे कुठे, ते लिहून आण. आणि त्या प्रत्येकाने तो कुठून घेतला, तेही."

चार दिवसांनी ती आली तेव्हा तिच्या वहीत अकरा ठिकाणे होती. त्यांतल्या सात जणांनी आकडा कुठून आणला हे सांगितलेच नव्हते. तिघांनी त्या सातांपैकीच कोणाकडे तरी बोट दाखवले होते. एकाने मात्र एका पुस्तकाचे नाव दिले होते. शिवाय शोधताना तिला पन्नासहून थोड्या अधिक गिरण्या असेही आढळले, साठ असेही आढळले. बिचारी रडकुंडीला आली होती. मला मात्र आनंद झाला, कारण खरा अभ्यास आता सुरू होत होता.

आमच्या धंद्यात ही गोष्ट रोजची आहे. खात्यात मारामारी झाली की पाच जण येऊन सांगतात, अमक्याने आधी हात उचलला. खोदून विचारले की कळते, पाचांपैकी चार जण कँटीनमध्ये होते आणि त्यांना पाचव्याने सांगितले. म्हणजे तोंडे पाच असली तरी साक्षीदार एकच. छापील मजकुराचेही तसेच असते. अकरा ठिकाणी तोच आकडा दिसला म्हणून तो अकरा पट खरा होत नाही. मूळ कोणी मोजले तिथपर्यंत मागे मागे जावे लागते आणि जेथे वाट खुंटते तेथे "अमक्याने असे म्हटले आहे" एवढेच लिहावे लागते.

मूळ मोजणाऱ्यापाशी पोचल्यावरही काम संपत नाही. त्याने काय मोजले हे विचारावे लागते. गिरणीच्या मस्टरची ज्याला माहिती आहे त्याला हे पटकन कळेल. गिरणीत कायम कामगार असत, तसे बदली कामगारही असत. बदलीवाला रोज पाळीच्या वेळी फाटकाशी येई. कोणी गैरहजर असला तर त्याला काम मिळे, नाहीतर तो परत जाई. कोणी कर्जासाठी अर्ज करताना गिरणी आपली कामगारसंख्या सांगे ती निराळी, फंडाच्या कचेरीला सांगे ती निराळी, आणि बदलीवाले धरले की आणखी निराळी. गिरण्यांचेही तेच. मोठ्या कंपनीची एकच गिरणी धरायची की तिच्या दोन-तीन वेगळ्या आवारांतील गिरण्या वेगवेगळ्या धरायच्या? काही गिरण्यांतले कामगार १८ जानेवारीच्या आधीच बाहेर पडले होते, ते त्या दिवसाच्या संपात मोजायचे की नाही? ह्या प्रश्नांची उत्तरे बदलली की आकडा बदलतो, आणि त्यात कोणी खोटे बोललेलेच असते असे नाही. मुलीला मी सांगितले की, पन्नास, साठ, पासष्ट यांतला एक निवडून बाकीचे टाकून देऊ नकोस. फरक का पडतो ते अर्ध्या पानात लिही. तुझ्या प्राध्यापकांना त्या अर्ध्या पानाचेच मोल अधिक वाटेल. (वाटलेही, असे तिने पुढे कळवले.)

ह्या आकड्यांच्या बाबतीत मी स्वतः तोंडघशी पडलो आहे, तेही सांगून टाकतो. सप्टेंबर २०२० पासून केंद्राच्या लेबर ब्यूरोने औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचे पायाभूत वर्ष बदलले. तोवर २००१ साल शंभर धरीत. आता २०१६ साल शंभर धरू लागले. ऑगस्टचा निर्देशांक जुन्या पायावर ३३८ होता आणि सप्टेंबरचा नव्या पायावर ११८.१ आला. दोहोंची सांगड २.८८ ह्या गुणकाने घालायची, म्हणजे ११८.१ ला २.८८ ने गुणले की ३४० येतात आणि महागाई थोडी वाढली असेच दिसते. आमच्या एका अर्जात मी जुन्या करारातला आकडा आणि वर्तमानपत्रातला नवा आकडा शेजारी शेजारी घातले. समोरच्या वकिलाने उठून शांतपणे म्हटले, "युनियनच्याच म्हणण्याप्रमाणे महागाई एक-तृतीयांशावर आली आहे, तर महागाईभत्ता कमी करण्यास आमची हरकत नाही." सगळे हसले. अर्ज दुरुस्त करून घेता आला, पण तारीख दोन महिने पुढे गेली आणि तेवढे दिवस चारशे माणसांचे पैसे अडकले. बातमीतला आकडा खरा होता आणि करारातलाही खरा होता. आकड्याच्या खाली बारीक अक्षरात काय लिहिले आहे ते मी वाचले नव्हते.

आता साधने मिळवायची कुठून? हल्ली मुले प्रथम मोबाइल उघडतात आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. विकिपीडियावरचा लेख वाचावा; मात्र लेख वाचून थांबू नये, त्याच्या तळाशी ज्या टिपा असतात त्यांच्या मागे जावे. 'शोधगंगा' ह्या संकेतस्थळावर देशातल्या विद्यापीठांचे हजारो प्रबंध फुकट वाचायला मिळतात. तुमच्या विषयावरचा एखादा प्रबंध काढून त्याची संदर्भसूची उतरून घेतली, तर महिनाभराचे श्रम वाचतात. प्रबंध चांगला असेलच असे नाही; सूची तरी उपयोगी पडते.

आणखी एक नवीन साधन आले आहे. प्रश्न टाकला की लगेच उत्तर लिहून देणारे यंत्र. आमच्या मुलीनेही त्याला विचारले होते की, गिरणी संपावरची पुस्तके सांग. त्याने सुबक यादी दिली, लेखकांसह, प्रकाशकांसह, सालांसह. ती यादी घेऊन ती ग्रंथालयात गेली, तर दोन पुस्तके कोणत्याच तालिकेत नाहीत. लेखक खरे, प्रकाशक खरे, पुस्तक मात्र कधी लिहिलेच गेले नव्हते. त्या यंत्राला लबाडी करायची असते असे नव्हे. शोभेल असे वाक्य जुळवणे हे त्याचे काम, आणि ते ते चोख करते. मला हा प्रकार ओळखीचा वाटला. पूर्वी आमच्याकडे एक कार्यकर्ता होता, त्याला कुठल्याही कायद्याचे कलम विचारले की तो क्षणात क्रमांक सांगायचा. त्याला "माहीत नाही" म्हणता येत नसे. आम्ही त्याला सभेत पुढे करीत असू, पण अर्ज लिहायला कधी बसवत नसू. यंत्राने सांगितलेले पुस्तक हातात येऊन त्याचे पान उघडले जाईपर्यंत ते संदर्भ म्हणून लिहू नये, इतके पथ्य पाळले तर पुरे.

खरे भांडार अजून ग्रंथालयांत आणि दप्तरखान्यांत आहे. मुंबईत काळा घोड्यापाशी, ज्या इमारतीत एल्फिन्स्टन कॉलेज आहे त्याच इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ग्रंथालय आहे. जुने सरकारी अहवाल तेथे जसे सापडतात तसे फार थोड्या जागी सापडतात. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१ पासून 'लेबर गॅझेट' नावाचे मासिक काढले. त्यात महिन्या-महिन्याचे संप, मजुरीचे दर आणि बाजारभाव आहेत. मी पहिल्यांदा त्याचे जुने अंक उघडले तेव्हा ग्रंथपालाने मला दोनदा विचारले की, आपण कोणत्या विद्यापीठाचे? मी सांगितले, लालबागचे. त्यांनी हसून अंक काढून दिले. तरुण मित्रांना माझे सांगणे आहे की, ग्रंथपालाला लाजू नका. आपला विषय दोन वाक्यांत त्यांना सांगा. माझी अर्धी विद्या ग्रंथपालांच्या मेजाशी उभे राहून मिळालेली आहे.

सरकारी कागद वाचताना मात्र अहवाल आणि साक्षी ह्यांत फरक करावा. १९२९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनचा कामगारविषयक अहवाल १९३१ मध्ये आला. जे. एच. व्हिटली अध्यक्ष होते म्हणून त्याला व्हिटली कमिशन म्हणतात. विद्यार्थी बहुधा अहवालातला उतारा घेतात. पण कमिशनपुढे झालेल्या साक्षींचे खंड स्वतंत्र छापलेले आहेत आणि मुंबई इलाख्याच्या साक्षी त्यांत आहेत. अहवालात इस्त्री झालेली भाषा असते. साक्षीत प्रश्न असतो, उत्तर असते, उत्तर टाळणेही असते. तरीही साक्षींचा खंड म्हणजे संपूर्ण मुंबई, असे समजू नये. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी धरपकड झाली आणि गिरणी कामगार युनियनचे पुढारी तुरुंगात गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरच्या अधिवेशनात ट्रेड युनियन काँग्रेसने कमिशनवर बहिष्कार टाकला, आणि त्यावरून ती फुटलीही. त्यामुळे १९२८ चा सहा महिन्यांचा संप ज्यांनी चालवला त्यांचा आवाज त्या खंडात जसा असायला हवा तसा नाही. कोणत्याही साधनात कोण बोलतो आहे हे पाहिल्यावर, कोण गैरहजर आहे आणि का, हेही मस्टर घेऊन पाहावे.

मुलीने एक प्रकरण पूर्वपीठिकेचे लिहिले होते. त्यात वाक्य होते: भारतातील पहिली नोंदणीकृत कामगार संघटना नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये स्थापन केली. मी विचारले, "नोंदणी कोणत्या कायद्याखाली?" ती गप्प. ट्रेड युनियन्स ॲक्ट आला १९२६ साली. बेचाळीस वर्षे आधी नोंदणी कोण करणार? कोणाच्या तरी हातून 'नोंदणीकृत' हा शब्द भर घालण्यासाठी पडला आणि पुढच्यांनी तो उचलला. तारखांची सरळ वजाबाकी केली तरी असल्या कितीतरी चुका हाती लागतात. त्याला पदवी लागत नाही.

पण लोखंड्यांच्या बाबतीत माझीही परीक्षा झाली, ती सांगण्यासारखी आहे. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या कमिशनकडे पाठवले. 'दीनबंधु'चे ते संपादक होते. आमच्या सगळ्या वंशावळीचा तो मूळपुरुष, अशा भावनेने मी वर्षानुवर्षे त्यांच्यावर बोलत आलो. मग एके दिवशी एका जुन्या सरकारी अहवालातला अभिप्राय माझ्या वाचनात आला. त्याचा आशय असा की, ही मिल हँड्स असोसिएशन संघटना म्हणून अस्तित्वातच नाही; तिला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत; श्री. लोखंडे आपणाकडे येणाऱ्या कामगाराला सल्ला देतात, इतकेच. मला संताप आला. साहेबांच्या कचेरीत बसून लिहिलेले, ते असेच असणार, म्हणून मी पुस्तक मिटले.

रात्री झोप लागेना. उलट बाजूचा कागद आहे म्हणून तो खोटा, असे मी न्यायालयात म्हणालो असतो तर मला कोणी ऐकून घेतले असते का? तो अभिप्राय लिहिणाऱ्याचा हितसंबंध कोणता हे जरूर पाहावे; पण यादी नव्हती, निधी नव्हता, ह्या गोष्टी एकतर खऱ्या असतील किंवा खोट्या असतील. खोट्या असतील तर ती यादी, ती वर्गणीची पावती मी दाखवली पाहिजे. मला अजून ती मिळालेली नाही. आणि त्याच अभिप्रायात विरुद्ध पक्षाने एक कबुली दिलेली आहे, ती रागाच्या भरात मी वाचलीच नव्हती. दाराशी येणाऱ्या कुठल्याही गिरणी कामगाराला हा माणूस सल्ला देत बसे, हे त्या सरकारला मान्य आहे. मित्राने केलेल्या स्तुतीपेक्षा ही कबुली मी जास्त भक्कम पुरावा मानतो. आता मी भाषणात संघटना म्हणतो तेव्हा ती आजच्या अर्थाने नव्हती हेही सांगतो. कोणी उठून गेलेले नाही.

तसेच रविवारच्या सुट्टीचे. दरवर्षी जूनमध्ये मोबाइलवर संदेश फिरतो की, लोखंड्यांमुळे साऱ्या देशाला रविवारची सुट्टी मिळाली. सरकारी कचेऱ्या आणि इंग्रजांच्या पेढ्या त्याआधीही रविवारी बंद असत. गिरणीच्या चक्राला बांधलेल्या माणसाला आठवड्याचा एक दिवस मिळावा ह्यासाठी लोखंडे झगडले, १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी ते मान्य केले आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. एवढे काम एका माणसाच्या नावावर थोडे आहे का?

संपाकडे परत येतो. मुलीने एक दिवस वही उघडून विचारले, "काका, संपावर इतके लोक लिहून गेलेत, कोणाचे खरे धरू?" मी तिला चार निरनिराळे गठ्ठे करायला लावले. मालकांच्या संघाचे अहवाल एकीकडे. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ ह्याखाली ज्याला एकट्याला वाटाघाटीचा अधिकार होता त्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाची पत्रके दुसरीकडे. संपवाल्यांची हँडबिले, पोस्टर तिसरीकडे. नंतर निवांत अभ्यास करून लिहिलेली पुस्तके चौथीकडे. चौथ्या गठ्ठ्यात ह्यूबर्ट व्हान वेर्श ह्या संशोधकाचा १९९२ चा ग्रंथ येतो, आणि मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलते करून तयार केलेले २००४ चे पुस्तकही येते. पण ही दोन एकाच जातीची साधने नव्हेत. पहिल्यात संपाचा हिशेब मिळेल. दुसऱ्यात संप घरात कसा शिरला ते मिळेल. दुसऱ्याकडून तारखा आणि पहिल्याकडून चुलीचा वास मागू नये. 'लालबाग परळ' हा २०१० चा चित्रपट तिने संदर्भात घातला होता. तो जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून निघालेला. मी म्हटले, संपाविषयी लोकांना पुढे काय वाटत राहिले ह्याचा पुरावा म्हणून तो खुशाल घे. १९८२ मध्ये काय घडले ह्याचा पुरावा म्हणून घेऊ नकोस.

पहिल्या गठ्ठ्याबद्दल एक इशारा. मालकांचे कागद नीट बांधलेले, छापलेले, वर्षवार लावलेले मिळतात. कामगाराचे कागद चाळीच्या पोटमाळ्यावर उंदरांनी खाल्लेले असतात. म्हणून अभ्यासकाच्या हाती आपोआप मालकांचे जास्त येतात. मॉरिस डेव्हिड मॉरिस ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९६५ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारवर्गावर पुस्तक लिहिले. गिरण्यांना कामगार मिळत नसत, अशी जी समजूत वर्षानुवर्षे पुस्तकांतून चालत आली होती, ती त्याने तपासून पाहिली आणि पुरावा तसे सांगत नाही असे दाखवले. त्यासाठी त्याने मालकांचेच अहवाल वापरले. म्हणजे मालकांचा कागद टाकून द्यायचा नसतो. मालकाचे गाऱ्हाणे निराळे आणि मालकाची नोंदवही निराळी, एवढे ओळखायचे असते. पुढे राजनारायण चंदावरकरांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात मॉरिसच्या मांडणीलाही आव्हान दिले. मुलीने दोघांनाही वाचावे आणि दोघांच्या तळटिपा वाचाव्यात, असे मी सुचवले.

कायदे-नियमांच्या बाबतीत विद्यार्थ्यांची एक ठरलेली चूक होते. गिरण्यांच्या जमिनीविषयी तिने लिहिले होते की, नियमाप्रमाणे एक-तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक-तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाचा सारांश म्हणून हे साधारण बरोबर आहे. पण २००१ मध्ये त्या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. ज्या जागेवर गिरणीच्या इमारती उभ्या होत्या ती वाटणीतून सुटली. गिरणीच्या आवारात मोकळे ते किती असणार! मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. तिचा लेख १९९१ वर थांबला असता तर वाचणाऱ्याला वाटले असते की, घरे आणि बागा ठरल्याप्रमाणे मिळाल्या. कोणताही नियम उतरवून घेताना तो पुढे कधी बदलला, हे विचारल्याशिवाय वही मिटू नये. आमच्या हजारो माणसांची घरे त्या एका दुरुस्तीत गेली.

आता शेवटचा भाग. आजोबांना बोलते कसे करावे, असे तिने विचारले. मी सांगितले, "संप का झाला, असे विचारू नकोस. ते पुढाऱ्यांनी दिलेले उत्तर देतील. खाते कोणते, पाळी कोणती, तिकीट नंबर काय, डबा कोण आणून द्यायचे, हे विचार." तिने तसे केले. आजोबा तीन दिवस बोलले. साचेखात्यात होते, दुसरी पाळी. आणि त्यांनी सांगितले की, आपण संपभर एकदाही फाटकाच्या आत गेलो नाही.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. चेहरा उतरलेला. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत फंडाच्या कागदांबरोबर तिला एक पगारपत्रक सापडले होते. सप्टेंबर १९८२ चे.

त्या वर्षी, अमुक हजार कामगार कामावर परतले, असे मालक महिन्या-महिन्याला जाहीर करीत आणि संपवाले ते खोटे म्हणत. माझे वडील संपात होते, मी बारा वर्षांचा होतो, आणि ते आकडे बनावट आहेत असे मी जन्मभर सांगत आलो. तो कागद हातात घेतल्यावर प्रथम मी त्यातून सुटायची वाट शोधू लागलो, हे कबूल करतो. थकबाकीचा पगार असेल. रजेचा असेल. दुसऱ्या कोणाचे पत्रक पेटीत आले असेल. ह्या शंका काढणे योग्यच होते; कोणत्याही कागदाच्या त्या काढाव्यातच. म्हणून एकेक तपासली. तिकीट नंबर आजोबांनी सांगितलेलाच. खाते तेच. भरलेले दिवस एकोणीस. रजेचा रकाना रिकामा.

"मी हे लिहू का?" तिने विचारले. मी म्हटले, "आधी कागद त्यांच्यापुढे ठेव. साक्षीदाराला विचारल्याशिवाय त्याच्या विरुद्ध काही लिहायचे नसते." ती गेली. आजोबांनी पत्रक बराच वेळ पाहिले आणि सांगितले की, तिची आई तेव्हा तीन वर्षांची होती, तिला विषमज्वर झाला होता. ते एकोणीस दिवस मागच्या फाटकाने आत गेले. मग पुन्हा बाहेर बसले. चाळीत कळले होते. दोन वर्षे शेजारी त्यांच्याशी बोलत नव्हते.

एका पगारपत्रकावरून मालकांचे आकडे खरे ठरत नाहीत; माझे म्हणणे मात्र होते तसे उरले नाही. माणसे आत गेली, काही दिवस गेली, परत बाहेर आली. हजेरीच्या आकड्यात ते कसे धरले गेले असेल, हा तिच्या प्रबंधिकेचा चौथा भाग झाला. आजोबांच्या परवानगीने तिने ते पगारपत्रक वापरले. नाव घातले नाही, गिरणीही सांगितली नाही. 'साचेखात्यातील एक कामगार, दुसरी पाळी' एवढेच लिहिले. पत्रकाची छायाप्रत परिशिष्टात आहे, आणि तिकीट नंबराच्या जागी काळी पट्टी आहे. ती पट्टी म्हाताऱ्याने आपल्या हाताने मारली.